तीन रात्री ट्रॅप रिकामा आला, मग "सँडफ्लाय नाहीत" असं लिहायचं का?

आधी प्रश्न थोडक्यात मांडते, नंतर वाचणाऱ्यांना सोपं जाईल. विचारणारी ताई एमएससी झूऑलॉजीची विद्यार्थिनी आहे, ठाण्यात घोडबंदर रोडला येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी राहते, आणि प्रोजेक्टला तिनं सँडफ्लायचा सर्व्हे घेतलाय. विषय डोक्यात आला कारण सोसायटीचे वॉचमन मूळचे बिहारचे, त्यांना दोन वर्षांपूर्वी काला आजार (सँडफ्लाय या बारक्या चावऱ्या माशीमुळे पसरणारा परजीवीचा आजार) झाला होता, उपचार होऊन ते बरे झाले, पण आता कुठून तरी ती गोष्ट सोसायटीच्या ग्रुपवर आली आणि "त्यांना बदला" असं काही लोक म्हणायला लागलेत. ताईनं जानेवारीत एक लाइट ट्रॅप (बल्ब, पंखा आणि खाली जाळीची पिशवी असलेला कीटकांचा सापळा) तीन रात्री लावला, एक रात्र पार्किंगमध्ये, एक रात्र गार्डनमध्ये, एक रात्र जवळच्या तबेल्याच्या बाहेर. सँडफ्लाय मिळाल्या शून्य. गाइड म्हणतात लिहून टाक, परिसरात सँडफ्लाय नाहीत, धोका नाही. मैत्रीण म्हणते तुमच्याच बाथरूमच्या भिंतीवर बसतात त्या बारक्या केसाळ माश्या म्हणजे सँडफ्लाय. तर खरं काय आणि लिहायचं काय.

माझं उत्तर आधीच देऊन टाकते. शून्य लिहा, जरूर लिहा, पण "नाहीत" लिहू नका. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि उरलेलं सगळं उत्तर त्या फरकाबद्दलच आहे.

मी कीटकशास्त्राच्या फील्डवर २४ वर्षं आहे. पहिली बरीच वर्षं बिहारमध्ये वैशाली आणि मुझफ्फरपूरकडच्या गावांत गोठे, कुडाची घरं, मातीच्या भिंती धुंडाळत काढली, काम एकच, काला आजाराची माशी शोधायची, मोजायची, ओळखायची. नंतर इकडे आले, आता ऐरोलीला असते. म्हणून दोन्हीकडची परिस्थिती डोळ्यासमोर ठेवून बोलते आहे.

पहिलं बाथरूमचं मिटवू. ती माशी सँडफ्लाय नाही. ती ड्रेन फ्लाय, न्हाणीच्या जाळीखाली जो बुळबुळीत थर साचतो ना त्यात तिच्या अळ्या वाढतात. गैरसमज होतो त्याला कारणही आहे, दोघी एकाच कुळातल्या, सायकोडिडी कुळातल्या, दोघींच्या अंगावर केस, दोघी बारक्या. पण ड्रेन फ्लायचे पंख रुंद, बदामाच्या आकाराचे, आणि बसल्यावर ते अंगावर छपरासारखे पडतात. सँडफ्लायचे पंख अरुंद असतात आणि बसली तरी ते वर उचललेले असतात, इंग्रजी व्ही अक्षरासारखे, जणू आत्ता उडणार. रंग फिका, मातकट, लांबी दीड ते साडेतीन मिलिमीटर, पाय शरीराच्या मानानं लांब आणि किडकिडीत. ड्रेन फ्लाय चावत नाही, तिला ते जमतच नाही. न्हाणी घासून धुतली, गरम पाणी ओतलं की ती कमी होते.

दुसरा गोंधळ खाडीकडे राहणारे लोक करतात. ऐरोली, कोपरी, वाशी, जिथे जिथे खारफुटी जवळ आहे तिथे संध्याकाळी जी चिलटं पायाला चावतात, खाज सुटते, दिसत तर धड नाहीत, त्यांनाही काही जण सँडफ्लाय म्हणतात. ती क्युलिकॉइडिस, ओल्या चिखलात वाढणारी वेगळी चिलटं, त्यांचा काला आजाराशी संबंध नाही. नावात सँड आहे म्हणून ही माशी वाळूत, समुद्रकिनारी असणार असं वाटतं, पण आपली सँडफ्लाय पाण्यातही वाढत नाही आणि किनाऱ्यावरच्या वाळूतही नाही. तिला लागते ओलसर पण पाणी न साचणारी माती, त्यात शेण, पालापाचोळा, काहीतरी कुजणारं, अंधार, आणि जवळ रक्त मिळेल असं जनावर किंवा माणूस. हे वाक्य लक्षात ठेवा कारण ट्रॅप कुठे लावायचा ते यातूनच ठरतं.

आता ट्रॅपकडे येऊ. तुमच्या तीन रात्रींपैकी एकही रात्र सँडफ्लायला सापडायची संधी देणारी नव्हती, असं मला तुमचं वर्णन वाचून वाटतं. रागावू नका, पहिल्या वेळी सगळ्यांचं असंच होतं, कारण आपण डास पकडायची पद्धत डोक्यात घेऊन जातो. पार्किंगमध्ये रात्रभर एलईडी लाइट चालू असतात, त्यांच्यापुढे ट्रॅपचा सहा व्होल्टचा मिणमिणता बल्ब काय खेचणार. गार्डनमध्ये वारा. सँडफ्लाय फार कच्ची उडणारी आहे, भिंतीवरून टुणटुण उड्या मारल्यासारखी जाते, थोडा वारा सुटला की उडायचंच सोडते, आणि जन्मली तिथून सहसा काहीशे मीटरच्या पुढे जात नाही. तबेल्याची जागा बरोबर होती पण ट्रॅप बाहेर, तोही डासांसाठी लावतात तसा डोक्याच्या उंचीला. आत लावायला हवा होता, भिंतीपासून वीतभर अंतरावर, आणि खाली, इतका खाली की पिशवीचं तळ जमिनीपासून चार बोटं राहील. संध्याकाळी सहाला सुरू, सकाळी सहाला बंद, आणि पंखा बंद करायच्या आधी पिशवीचं तोंड बांधायचं, नाहीतर रात्रभराची मेहनत बाहेर उडून जाते.

आणि पिशवी. पिशवी कुठली वापरलीत ते तुम्ही लिहिलेलं नाही. हे मी जरा वेळ घेऊन सांगते कारण मी स्वतः यात फसले आहे. बिहारमध्ये असताना एकदा आम्हाला नवीन ट्रॅप आले, एका पुरवठादारानं जाळ्या डासांच्या मापाच्या देऊन टाकल्या होत्या आणि आमच्यापैकी कोणी मापून बघितल्या नाहीत. मी दोन आठवडे वहीत शून्य, शून्य, शून्य लिहीत गेले, त्या गावात मागच्याच वर्षी काला आजाराचे पेशंट होते तरीही. मग एका गोठ्यात सहज म्हणून एरंडेल लावलेले कागद टांगले, सकाळी एका कागदावर अकरा सँडफ्लाय चिकटलेल्या, आणि त्याच गोठ्यातला ट्रॅप रिकामा. तेव्हा पिशवीकडे नीट बघितलं. मच्छरदाणीच्या भोकातून सँडफ्लाय आरामात निघून जाते, म्हणून तर साधी मच्छरदाणी तिच्यापुढे अपुरी पडते. पंख्यानं आत ओढलेल्या माश्या पहाटेपर्यंत जाळीतून बाहेर पडत होत्या. त्या दोन आठवड्यांची पानं मी फाडली नाहीत, प्रत्येक पानावर आडवी रेघ मारून "जाळी चुकीची" असं लिहिलं. तुमची पिशवी उजेडात धरा, भोकं नुसत्या डोळ्यांना सहज दिसत असतील तर ती डासांची आहे. बारीक व्हॉइल किंवा तसल्याच दाट कापडाची पिशवी शिवून घ्या.

आता समजा जागा बरोबर, पिशवी बरोबर, सगळं बरोबर. तरी तीन रात्री पुरतात का? इथे थोडं गणित करू, अवघड नाही. धरा की एखादी जागा अशी आहे जिथे पाच रात्रींतून एका रात्री ट्रॅपमध्ये सँडफ्लाय येते. म्हणजे एखादी रात्र रिकामी जायची शक्यता ०.८. सलग तीन रात्री रिकाम्या जायची शक्यता ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ०.५१. अर्ध्याहून जास्त! माश्या आहेत आणि तरी तीन शून्यं येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक. हेच वीस रात्री केलं तर सगळ्या रिकाम्या जायची शक्यता शंभरात एक उरते. म्हणून आम्ही रात्री नाही मोजत, ट्रॅप-नाइट मोजतो, पाच ट्रॅप चार रात्री लावले की वीस ट्रॅप-नाइट झाल्या. अर्थात पाचही ट्रॅप एकाच गोठ्यात एकाच बाजूला टांगलेत तर त्या वीस खऱ्या वीस नव्हेत, वेगवेगळ्या जागा हव्यात. तुमच्या रिपोर्टमध्ये "३ ट्रॅप-नाइटमध्ये ० सँडफ्लाय" एवढं लिहिलं तर ते शंभर टक्के खरं वाक्य आहे आणि वाचणारा त्यावरून स्वतः ठरवू शकतो. "नाहीत" लिहिलं तर तो आकडा लपतो.

शून्याबद्दल या विषयाच्या इतिहासातच एक गोष्ट आहे, ती मी प्रत्येक नवीन मुलाला सांगते. काला आजाराचा परजीवी १९०३ साली लीशमन आणि डोनोव्हन यांनी दाखवला, म्हणूनच त्याचं नाव लीशमॅनिया डोनोव्हानी. पण तो एका माणसातून दुसऱ्यात नेतं कोण हे कळत नव्हतं. १९२४ मध्ये कलकत्त्यात नोल्स, नेपियर आणि स्मिथ यांना फ्लेबोटोमस अर्जेंटिपीस या सँडफ्लायच्या पोटात परजीवीचं शेपटीवालं रूप सापडलं. सगळ्यांना वाटलं सुटलं कोडं. पण पुढे कितीतरी वर्षं माश्यांना पेशंटचं रक्त पाजून, मग निरोगी प्राण्यांना चावायला लावून बघितलं, तरी आजार काही लागेना. शून्यावर शून्य. चूक माशीत नव्हती, चूक तिच्या जेवणात होती. सँडफ्लायची मादी नुसत्या रक्तावर जगत नाही, तिला झाडाफळांची साखर लागते. स्मिथ आणि सहकाऱ्यांनी रक्तानंतर माश्यांना मनुका चोखायला दिल्या, तेव्हा परजीवी त्यांच्यात नीट वाढले, आणि १९४२ मध्ये आसाममध्ये स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी पाच स्वयंसेवकांवर दाखवून दिलं की या माशीच्या चावण्यानं काला आजार होतो. अठरा वर्षं! त्या अठरा वर्षांत कोणी "अर्जेंटिपीसचा संबंध नाही" असं लिहून फाइल बंद केली असती तर?

तेव्हा पुन्हा करायचं कसं ते सांगते, पण यातलं बरंचसं तुमच्या हातात किती वेळ आहे, किती ट्रॅप मिळतात, आणि तबेलेवाले आत येऊ देतात का यावर आहे.

महिना सगळ्यात महत्त्वाचा. थंडीत संख्या घसरते, जानेवारी म्हणजे शोधायला सगळ्यात वाईट काळ. बिहारमध्ये आम्हाला पावसाळ्याच्या आगेमागे भरपूर मिळायच्या. आपल्याकडे कोकणपट्टीत जुलैचा पाऊस असा पडतो की गोठ्याबाहेरची माती नुसती चिखल होते, आणि पाण्यात बुडालेल्या मातीत अळ्या जगत नाहीत, म्हणून मी इकडे गणपती गेल्यावर, पाऊस ओसरायला लागला की सुरुवात करते आणि दिवाळीच्या पुढेपर्यंत चालू ठेवते. तुमच्याकडे वर्ष असेल तर दर महिन्याला तेच तेच ठिकाण, तीच पद्धत, असं बारा महिने करा, मग जानेवारीचं शून्यसुद्धा कामाचं होईल कारण त्याच्या शेजारी ऑक्टोबरचा आकडा असेल.

जागा. सोसायटीचं कोबा केलेलं पार्किंग विसरा. पण एक लक्षात घ्या, ठाण्यातले बरेच तबेले हल्ली सिमेंटचे आहेत, रोज दोनदा पाइप लावून धुतात, म्हशी जिथे उभ्या असतात तिथे अळी वाढायला माती उरलेलीच नाही. म्हणून तबेल्यात गेलात तर मध्ये नाही, कडेला बघा. गव्हाणीच्या बुडाशी भेग पडलेली असते तिथे, उकिरड्याच्या कोरड्या-ओल्या सीमेवर, मागच्या दगडी भिंतीच्या सांध्यांत, वैरण ठेवतात त्या अंधाऱ्या खोलीत. येऊरच्या पाड्यांवर अजून काही घरं कुडाची आहेत, जमीन शेणानं सारवलेली, शेजारी शेळ्या-कोंबड्या, ती जागा सोसायटीपेक्षा शंभरपट योग्य. पण येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतं, तिथे कीटक गोळा करायला वनविभागाची लेखी परवानगी लागते, ती कॉलेजमार्फत आधी काढा, आणि रात्री एकट्यानं फिरू नका, बिबट्यांचा वावर आहे. नवी मुंबईत करायचं असेल तर घणसोली, कोपरखैरणे, दिघा इथल्या गावठाणांतली जुनी घरं आणि शिल्लक राहिलेले गोठे बघा.

ट्रॅप एकट्यानं पुरत नाही, आणखी दोन गोष्टी सोबत करा. एक म्हणजे टॉर्च आणि ॲस्पिरेटर (माशी आत ओढून घ्यायची नळी) घेऊन पहाटे, उजाडता उजाडता भिंती बघायच्या. रात्री रक्त पिऊन माशी सकाळी जवळच्याच अंधाऱ्या, दमट, गार कोपऱ्यात बसते, बहुतेक वेळा माणसाच्या उंचीच्या खालीच. टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर धरा म्हणजे पंखांची सावली पडते आणि ती चटकन दिसते, सरळ उजेड मारलात तर मातीच्या रंगात हरवते. ॲस्पिरेटर तोंडानं ओढायचा असेल तर मध्ये फिल्टर पाहिजेच, गोठ्याची धूळ आणि माशीच्या अंगावरचे केस छातीत जातात, मला त्या दिवसांचा खोकला पुढे बरीच वर्षं पुरला. किती वेळ शोधलं ते घड्याळ लावून लिहा. दोन जणांनी सहा जागी प्रत्येकी पंधरा मिनिटं शोधलं तर १८० मिनिटं, म्हणजे तीन माणूस-तास, आणि माश्या मिळाल्या बारा, तर दर माणूस-तासाला चार. वेळ लिहिला नाही तर बारा या आकड्याला काही अर्थ नाही.

दुसरं म्हणजे एरंडेलचे कागद. साधा ए-फोर कागद, दोन्ही बाजूंनी एरंडेल तेल लावायचं, ठिबकेल इतकं नाही, आणि भेगांजवळ, बिळांजवळ, उकिरड्याजवळ काठीला अडकवून ठेवायचे. वीज नको, बॅटरी नको, चोरीला जाण्याची भीती नको. कागदाला मादीपेक्षा नर जास्त चिकटतात बहुतेक वेळा, पण नराची ओळख पटवणं सोपं असतं त्यामुळे तोही फायदाच. सकाळी बारीक ब्रश अल्कोहोलमध्ये बुडवून माशी उचलायची, अल्कोहोलनं तेलही सुटतं. ७० टक्के अल्कोहोलच्या बाटलीत ठेवा, आत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी टाका, पेनाची शाई विरघळते. पुढे डीएनएचं काही करायचा विचार असेल तर मात्र ९५ टक्क्यांच्या वरचं अल्कोहोल आणि फ्रीझर.

मिळाल्या की अर्धं काम झालं, आता ती कोणती ते बघायचं, आणि इथेच बहुतेक प्रोजेक्ट लंगडे पडतात. "२७ सँडफ्लाय मिळाल्या" हे वाक्य अपुरं आहे. आपल्याकडे मुख्य दोन वंश भेटतील, फ्लेबोटोमस आणि सर्जेंटोमाया. सर्जेंटोमाया प्रामुख्यानं पाली, सरडे यांच्या रक्तावर जगते, आणि भिंतीच्या भेगांत ती ढिगानं सापडू शकते. फ्लेबोटोमसमध्ये अर्जेंटिपीस ही काला आजाराची, तिचे पाय उजेडात रुपेरी चमकतात, नावच त्यावरून पडलंय. पापाटासी ही दुसरी, राजस्थानकडे त्वचेचा लीशमॅनिया नेणारी. भिंगाखाली पहिली खूण म्हणजे पोटावरचे केस, फ्लेबोटोमसचे उभे, सर्जेंटोमायाचे अंगालगत झोपलेले. पण केस झडतात म्हणून यावर थांबू नका. १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवून पारदर्शक करा, पाण्यानं धुवा, मग सुईनं डोकं वेगळं करून खालची बाजू वर येईल असं स्लाइडवर बसवा आणि तोंडातल्या पोकळीत, सिबेरियममध्ये, बघा. सर्जेंटोमायाला तिथे दातांची ठळक ओळ दिसते, फणीसारखी. मादीच्या शेवटच्या वळ्यांत स्पर्मथेका (नराचं शुक्र साठवायची पिशवी) बघा, फ्लेबोटोमसमध्ये त्यावर गांडुळासारखी वळी असतात. पहिल्या वीस-पंचवीस स्लाइड बिघडतील, बिघडू द्या, हात बसल्यावर एका दुपारी पंधरा होतात.

सर्जेंटोमाया निघाली म्हणून फेकून मात्र देऊ नका. चांदिपुरा विषाणू १९६५ साली आपल्याच नागपूरकडच्या चांदिपुरा गावात सापडला, २०२४ मध्ये गुजरातेत त्यानं लहान मुलांचा घास घेतला, आणि त्याच्या प्रसारात सँडफ्लायवर, त्यातही सर्जेंटोमायावर संशय आहे. तो परजीवी नव्हे, विषाणू, तुमच्या विषयाबाहेरचा, पण तुमच्या बाटल्या पुढे कोणाला तरी उपयोगी पडतील.

आता गाइडच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग, "धोका नाही". समजा पुढच्या ऑक्टोबरमध्ये तुम्हाला तबेल्यात अर्जेंटिपीस मिळाली. मला त्याचं आश्चर्य वाटणार नाही, ही माशी फक्त बिहारची नाही, देशात कितीतरी ठिकाणी आहे, महाराष्ट्रातही आहे. मग लगेच उलटं वाक्य लिहाल का, "ठाण्यात काला आजाराचा धोका"? तेही चूक. काला आजाराचा स्थानिक प्रसार ज्या ५४ जिल्ह्यांत मानला जातो ते बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेश या ४ राज्यांत आहेत, महाराष्ट्र त्यात नाही. इकडे पेशंट दिसतात ते तिकडून आजार घेऊन आलेले. माशी असणं आणि आजार पसरणं यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत. परजीवी अंगात असलेला माणूस हवा, कारण आपल्या देशात या आजाराचा साठा माणसातच असतो, गाईगुरांत नसतो. गुरं माशीला रक्त पुरवतात, आजार नाही, उलट ज्या माशीचं पोट म्हशीवर भरतं ती माणसाकडे तेवढी कमी येते. मग त्या माणसाला माशी चावायला हवी, नंतर साधारण आठवडाभर तिनं जगायला हवं तेव्हा कुठे परजीवी तिच्या तोंडापर्यंत पोचतात, आणि मग पुढचं रक्त तिनं दुसऱ्या माणसाचं प्यायला हवं. एवढं वय बहुतेक माश्यांना मिळत नाही. साथीच्या गावांतसुद्धा आम्ही माश्या चिरून बघायचो तेव्हा एकामागून एक निगेटिव्हच निघायच्या. म्हणून तुमच्या सर्व्हेतून फार तर एवढं सांगता येईल की कोणती सँडफ्लाय, कुठे, कोणत्या महिन्यात, किती मेहनतीवर मिळाली. धोक्याबद्दल बोलायचं असेल तर तिच्या पोटातलं रक्त माणसाचं की म्हशीचं हे लॅबमध्ये तपासावं लागेल, आणि ज्याला कधी बिहारला जाणं नाही असा स्थानिक पेशंट आहे का हे आरोग्य खात्याकडे विचारावं लागेल. तो तुमच्या ट्रॅपचा विषय नाही.

सोसायटीत कोणी धूर फवारणीची मागणी करेल, तर त्यांना सांगा की सँडफ्लायसाठी मोकळ्यावर धूर करून फारसं काही होत नाही. काला आजाराच्या कार्यक्रमात घरांच्या आणि गोठ्यांच्या भिंती आतून सहा फूट उंचीपर्यंत फवारतात, कारण माशी तिथे बसते, आणि तेही जिथे आजार आहे तिथेच. तुमच्याकडे याची गरज आत्ता दिसत नाही.

राहिले वॉचमनदादा, आणि खरं सांगू का, तुमचा प्रश्न वाचताना माझं लक्ष सगळ्यात जास्त तिथेच गेलं. काला आजार शेजारी बसल्यानं, एका ग्लासातून पाणी प्यायल्यानं, लिफ्टमध्ये सोबत उभं राहिल्यानं होत नाही. उपचार पूर्ण झालेला माणूस तुमच्या-माझ्यासारखाच काम करू शकतो. ग्रुपवर कोणी "त्यांची टेस्ट करा" म्हणालं तर त्यांना हे नक्की सांगा की बोटातून रक्त घेऊन जी झटपट टेस्ट करतात, आरके३९, ती बरं झाल्यावरही कित्येक महिने, काही जणांत वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहते, कारण ती अँटिबॉडी बघते, जिवंत परजीवी नाही. बऱ्या झालेल्या माणसाची ती टेस्ट करून पॉझिटिव्ह कागद ग्रुपवर टाकला तर एका निरपराध माणसाची नोकरी जाईल.

एक गोष्ट मात्र त्यांच्यासाठीच बघायला हवी. काला आजार बरा झालेल्यांपैकी आपल्या उपखंडात साधारण ५ ते १० टक्के लोकांना पुढे, बहुतेकदा दोन-तीन वर्षांनी, त्वचेवर फिकट चट्टे किंवा गाठी येतात, चेहऱ्यावर, हातांवर, पाठीवर. दुखत नाहीत, खाजत नाहीत, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो, आणि काही वेळा कोड किंवा कुष्ठरोग समजून भलतेच उपचार चालू होतात. याला पीकेडीएल म्हणतात, यावर औषध आहे, आणि ते घेणं गरजेचं आहे कारण अशा चट्ट्यांतून सँडफ्लाय परजीवी उचलू शकते. दोन वर्षं झालीत म्हणालात, म्हणजे नेमका हाच काळ आहे. तेव्हा ग्रुपवर काही न लिहिता त्यांच्याकडे जा, बाजूला बसून हिंदीत विचारा की अंगावर कुठे नवीन फिका डाग दिसतोय का. असेल तर कळव्याच्या महापालिका हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीत दाखवायला सांगा, सोबत जुन्या उपचारांचा कागद घेऊन, आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायला सांगा की मला बिहारमध्ये काला आजार झाला होता. ते वाक्य त्यांनी स्वतःहून सांगितलं नाही तर ठाण्यातल्या डॉक्टरांच्या ते मनात येईलच असं नाही.